मधुमेह आणि घरचें पथ्य

संस्कृतांत ‘मिह्’ असा एक धातु आहे. सिंचन करणें, वर्षाव करणें हा त्याचा अर्थ. आकाशांतून पाणी शिंपतो तो ‘मेघ’, आणि शरीरांतून पाणी वारंवार वाहूं लागतें तो ‘मेह’. त्याला ‘प्र’ उपसर्ग लागून ‘प्रमेह’ झाला. ह्या प्रमेहाचे आपल्या वैद्यांनीं वीस प्रकार मोजले, दहा कफज, सहा पित्तज व चार वातज. आणि त्यांतील ज्या प्रकारांत मूत्र मधासारखें गोड होतें त्याला ‘मधुमेह’ असें नांव दिलें. अशा मूत्राकडे मुंग्या धांव घेतात हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. युरोपांत मूत्राच्या ह्या गोडीची नोंद थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत केली, आणि ती गोडी साखरेचीच आहे हें मॅथ्यू डॉब्सन यानें १७७६ सालीं दाखवून दिलें. हें सर्व सांगतों तें, ‘आमच्या पूर्वजांना सगळेंच ठाऊक होतें’ असें म्हणून मिशीला पीळ भरण्यासाठीं नव्हे. रोग कशामुळें जडतो याचें पूर्ण ज्ञान त्यांना नव्हतें, आणि इन्सुलिनही त्यांच्या हातीं नव्हतें.

परंतु त्यांनीं जें पाहिलें तें बारकाईनें पाहिलें. प्रमेहाचीं कारणें सांगतांना चरकानें पहिला मान कोणाला दिला आहे? बसून राहण्याच्या सुखाला आणि झोंपून राहण्याच्या सुखाला! त्यानंतर दहीं, दूध, नवें धान्य, गुळाचे पदार्थ अशी यादी येते. सुश्रुतानें रोग्यांचे दोन वर्ग केले. एक ‘सहज’, म्हणजे जन्मापासूनच बीजदोष घेऊन आलेला, कृश व तहानलेला. दुसरा ‘अपथ्यनिमित्त’, म्हणजे स्थूल, पुष्कळ खाणारा, आसन व शय्या यांवर प्रेम करणारा. आजच्या वैद्यकांतील ‘टाइप वन’ व ‘टाइप टू’ या प्रकारांशीं ही विभागणी तंतोतंत जुळते असें म्हणणें धाडसाचें होईल, पण ती फार दूरहि नाहीं. निर्धन रोग्याला तर सुश्रुत सांगतो कीं, जोडा नको, छत्री नको, भिक्षा मागून जेव, एका गांवीं एकच रात्र रहा आणि शंभर योजनें किंवा त्याहूनहि अधिक चाल. नाहीं तर विहीर खण. ह्या उपदेशांतील चालण्याचा भाग आजहि मोलाचा आहे. अनवाणी चालण्याचा भाग मात्र टाकून द्यावा. कां, तें पुढें सांगतों.

आपण खाल्लेल्या भाताचें, पोळीचें, बटाट्याचें शेवटीं ग्लुकोज होतें व तें रक्तांत उतरतें. रक्तांतून तें स्नायूंत व इतर पेशींत शिरावें यासाठीं स्वादुपिंडांत तयार होणारा इन्सुलिन नांवाचा स्राव लागतो. टाइप वनमध्यें हा स्राव जवळजवळ बंदच पडतो. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढलें; मॅक्लाउड व कॉलिप हे त्यांचे सहकारी होते. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांना अर्धपोटीं ठेवून त्यांचें आयुष्य थोडेंसें लांबविणें एवढेंच डॉक्टरांच्या हातीं होतें. म्हणून ज्या घरांत असें मूल आहे त्या घराला हात जोडून विनंती आहे कीं, कोणाच्याहि सांगण्यावरून त्याचें इन्सुलिन बंद करूं नका. काढ्यानें, पथ्यानें किंवा अंगाऱ्यानें तें भरून निघत नाहीं. टाइप टूची गोष्ट निराळी. तेथें इन्सुलिन असतें, पण शरीर त्याचें ऐकेनासें होतें. स्वादुपिंड अधिकाधिक राबतें आणि पुढें थकतें. पथ्याला व व्यायामाला मोठा वाव आहे तो येथें, आणि यापुढील विवेचन मुख्यतः त्याविषयींच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लाख माणसें मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर उभीं आहेत. ‘मी तर किडकिडीत, मला कुठला मधुमेह?’ असें म्हणणारे गृहस्थ आपल्या घरांत पुष्कळ सांपडतात. त्यांच्यासाठीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें काम मुद्दाम सांगण्यासारखें आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व डॉ. जॉन युडकिन या इंग्रज शास्त्रज्ञांचें जोडीचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदीं सारखा, २२.३, परंतु शरीरांतील चरबीचें प्रमाण युडकिन यांचें ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांचें २१.२ टक्के! आपण वरून सडपातळ दिसतों आणि पोटाच्या आंत चरबी बाळगतों. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासांत तर असें आढळलें कीं, आपलीं नवजात बालकें इंग्रज बालकांपेक्षां वजनानें बरींच कमी, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें फारशी कमी नसते. तेव्हां वजनाच्या कांट्याबरोबर शिंप्याची फीतहि घरांत असावी. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आंत असावी असें आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात.

रोगाचें निदान लक्षणांवर सोडूं नये, कारण पहिलीं कित्येक वर्षें तो कांहींच लक्षण दाखवीत नाहीं. उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज पाजून दोन तासांनीं २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ६.५ किंवा अधिक, यांपैकीं कांहीं आढळल्यास व तें पुन्हां तपासून कायम ठरल्यास मधुमेह समजतात. ज्यांच्या आईवडिलांना हा रोग आहे त्यांनीं तिशी उलटतांच तपासणी करून घ्यावी. आणि घरांत गर्भवती सूनबाई असेल तर डोहाळजेवणाच्या पूर्वीं तिची साखर तपासली आहे कीं नाहीं हें विचारावें. गर्भारपणांत वाढलेली साखर आईला पुढें मधुमेहाकडे नेते, आणि मुलालाहि.

आतां आपल्या पानाकडे वळूं. देशस्थ असो, कोकणस्थ असो, कऱ्हाडे असो, जेवणाचा आरंभ वरणभात, तूप व लिंबू यांनीं, मध्यें पोळ्या, आणि शेवट ताकभातानें, ही आपली रीत. कोशिंबीर बिचारी पानाच्या डाव्या बाजूस बसून राहते. तिला दोन बोटें लावलीं कीं तिचा मान झाला. रक्तांतील साखरेच्या दृष्टीनें हा क्रम अगदीं उलटा आहे. रिकाम्या पोटांत मऊ भात पडला कीं त्याचें ग्लुकोज झपाट्यानें होतें. तेच पदार्थ, तेवढेच पदार्थ, पण भाजी व डाळ आधीं आणि भात-पोळी शेवटीं अशा क्रमानें खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हें प्रयोगांनीं सिद्ध झालेलें आहे. म्हणून डावी बाजू आधीं संपवावी. काकडी, गाजर, मुळा, कोबी यांची वाटीभर कोशिंबीर. मागून उसळ किंवा घट्ट वरण आणि पालेभाजी. मग एक-दोन पोळ्या अथवा भाकरी. आणि भात हवाच असेल तर शेवटीं थोडा, ताकाबरोबर. शिजलेल्या भाताच्या १५० ग्रॅमच्या वाटींत ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतें. मुदीवर मूद घेणाऱ्यानें हा हिशोब एकदां कागदावर मांडून पाहावा.

वरणाविषयीं थोडें बोलणें प्राप्त आहे. पुष्कळ घरांतील वरण इतकें पातळ असतें कीं त्यांत डाळ शोधण्यासाठीं चष्मा लावावा लागतो. शाकाहारी माणसाला प्रथिनें मिळण्याचें हेंच मुख्य ठिकाण. तेंच पाणचट झालें तर पोट भरण्यासाठीं भातावांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. मूग, मटकी, हरभरे, चवळी यांची उसळ रोज एका जेवणांत असावी. चरकसुश्रुतांनीं प्रमेह्याला जवाचें अन्न मुख्य म्हणून सांगितलें आहे, आणि जवांतील विरघळणारे तंतु साखरेला आवर घालतात असें आजचें शास्त्रहि सांगतें. ज्वारी, बाजरी, नाचणी यांचेंहि कौतुक योग्यच. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. पण ‘भाकरी कितीहि चालते’ हा समज खोटा आहे. भाकरींतहि पिष्टच आहे. नाचणीचें सत्व गाळून त्याची मऊ लापशी केली तर ती साखर बऱ्यापैकीं वेगानें चढविते. तीच नाचणी भाकरींत बरी. पिठाचा कोंडा चाळून फेकणें हें सुगरणपणाचें लक्षण मानण्याचें आतां सोडावें.

उपवासाची कथा आणखी गंमतीची आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली. साबुदाणा, बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, एवढी सामग्री म्हणजे आपला फराळ. यांतील एकहि पदार्थ चरकाला किंवा व्रतें सांगणाऱ्या जुन्या ऋषींना ठाऊक नव्हता. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, आणि हे सर्वच, मूळचे अमेरिका खंडांतील; पोर्तुगीजांच्या आगमनानंतर इकडे आलेले. तेव्हां धर्माच्या नांवानें साबुदाण्याचा हट्ट धरण्याचें कांहींच कारण नाहीं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. तो तुपांत परतला म्हणून सात्त्विक होत नाहीं. ज्यांना व्रत सोडवत नाहीं त्यांनीं ताक, दहीं, मूठभर शेंगदाणे, काकडी, राजगिरा, एकादें पेरू यांवर दिवस काढावा. वरीचा भात थोडा. आणि ज्यांना साखर एकदम खालीं आणणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून उपवास करूंच नये.

गूळ आणि मध हे साखरेचे सोंवळ्यांतले भाऊ आहेत. गुळाच्या चहाच्या पाट्या हल्लीं गांवोगांव झळकतात, आणि मधुमेही गृहस्थ तेथें निर्धास्त मनानें पेल्यामागून पेला रिचवितात! गुळांत लोह वगैरे थोडें असेल, पण रक्तांतील साखर तो साखरेइतकीच चढवितो. चहाचा हिशोब तर कोणी करीतच नाहीं. दिवसांतून चार चहा, प्रत्येकांत दोन चमचे, म्हणजे चहाच्या आठ चमच्यांत ४० ग्रॅम साखर. आणि हे गृहस्थ सणाला अर्धी पुरणपोळी नाकारून आपल्या संयमाची प्रौढी मिरवितात. त्यापेक्षां चहा बिनसाखरेचा करावा आणि सणाच्या दिवशीं अर्धी पुरणपोळी, त्या जेवणांतील भात सोडून, सुखानें खावी. दुधाबरोबर किंवा तुपाबरोबर, तेवढें भांडण घरचे लोक मिटवतील. आंब्याचेंहि तसेंच. आमरसाची वाटी घातक. आंब्याच्या एक-दोन फोडी, दोन जेवणांच्या मधल्या वेळीं, ज्यांची साखर आटोक्यांत आहे त्यांना चालतात. पेरू, जांभूळ, पपई, संत्रें हीं त्यामानानें सोईचीं. सीताफळ, चिकू व केळें बेतानें. फळ चावून खावें, रस काढून पिऊं नये.

एकत्र कुटुंबांत पथ्य पाळणें सोपें कीं कठीण? दोन्ही. सोपें अशासाठीं कीं करणारे हात पुष्कळ. कठीण अशासाठीं कीं आग्रह करणें हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. ‘एकानें काय होतें?’ हें वाक्य म्हणणारी माणसें दिवसांतून पांच भेटलीं तर त्याचें काय होतें तें प्रयोगशाळेच्या कागदावर दिसतें. मधुमेह्यासाठीं निराळा स्वयंपाक करणें ही दुसरी चूक. चार महिने तो होतो. मग करणारी थकते आणि खाणारा ओशाळतो. वर सांगितलेलें पान लहानथोर सगळ्यांनाच हितकारक आहे. तेंच सर्वांना वाढावें. आणि मधुमेह घरच्या गृहिणीलाच असेल तर विशेष काळजी घ्यावी. ती मागाहून जेवते, उरलेला भात वायां जाऊं नये म्हणून आपल्या पानांत घेते, भाजी तिच्या वांट्याला आलेली नसते, आणि तिच्या गोळीची वेळ कोणाच्याहि लक्षांत नसते. घरांतील पुरुषांनीं पंगत उठण्यापूर्वीं तिचें पान मांडलें आहे कीं नाहीं हें पाहावें. यांत उपकार कसला?

आतां चालणें. रात्रींच्या जेवणानंतर शतपावली घालण्याची आपली चाल सुश्रुताइतकी जुनी आहे, आणि तिच्या मागील मर्म आतां स्पष्ट झालें आहे. चालतांना आकुंचन पावणारे मांडीपोटऱ्यांचे स्नायु इन्सुलिनची वाट न पाहतां रक्तांतील साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर लागलीच दहा-पंधरा मिनिटें चालणें हें साखरेचा चढ मोडण्याचें स्वस्त व उत्तम साधन आहे. शंभर पावलें मात्र कमी पडतात. त्यांची हजारावर न्यावीं. वामकुक्षीची आवड असणाऱ्यांनीं आधीं चालावें, मग हवें तर वीस मिनिटें पडावें. आठवड्यास निदान १५० मिनिटें भरभर चालणें, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असा साधारण दंडक आहे. आमच्या वयाच्या माणसांनीं खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां दहा वेळां उठावें-बसावें. एवढ्यानेंहि आरंभ होतो. सूर्यनमस्कार झेपत असतील तर जरूर घालावे, परंतु ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यांत रक्तस्राव झाला आहे त्यांनीं शीर्षासनासारखा व डोकें खालीं जाणारा प्रकार टाळावा.

याचा उपयोग खरोखर होतो का, असें विचारणाऱ्यांस मद्रासचें, म्हणजे आतांच्या चेन्नईचें, उदाहरण देतों. तेथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंबरठ्यावरील ५३१ लोकांवर तीन वर्षें प्रयोग केला व तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना कांहींच विशेष सांगितलें नव्हतें त्यांपैकीं ५५ टक्के लोक मधुमेही झाले; ज्यांना आहार व चालणें यांचा नेम घालून दिला त्यांपैकीं ३९ टक्के. गोळी देऊनहि जवळजवळ तेवढाच फायदा झाला. आणि गोळी व नेम दोन्ही मिळून त्याहून कांहीं अधिक हातीं लागलें नाहीं. म्हणजे नेमाची किंमत गोळीइतकी. ब्रिटनमध्यें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, रोग जडून सहा वर्षें उलटलीं नाहींत व इन्सुलिन चालू नाहीं अशा स्थूल रोग्यांना डॉक्टरी देखरेखीखालीं कडक अल्पाहारावर ठेवून वजन उतरविलें, तेव्हां वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के गोळ्यांवांचून निरोगी मर्यादेंत आले. रोग गेला असें मात्र तेहि म्हणत नाहींत. वजन परतलें कीं तोहि परततो.

कारलें, मेथी, जांभळाच्या बिया यांबद्दल प्रत्येक घरांत एक तरी तज्ज्ञ असतोच. मेथीच्या दाण्यांत तंतु पुष्कळ आहेत व त्यांचा थोडा गुण येतो. भाजी म्हणून कारलें उत्तमच. पण यांच्या भरंवशावर गोळी बंद करणें हें घातक आहे. वनस्पतींचा तिरस्कार करण्याचेंहि कारण नाहीं. आज ज्या मेटफॉर्मिन गोळीनें चिकित्सेचा आरंभ बहुधा होतो, तिचा उगम गॅलेगा नांवाच्या युरोपीय वनस्पतींतील द्रव्याच्या अभ्यासांत आहे. पॅरिसच्या झां स्टर्न यांनीं ती १९५७ सालीं मधुमेहावर वापरून दाखविली. फरक इतकाच कीं, तिची मात्रा मोजलेली आहे आणि गुणदोष तपासलेले आहेत.

साखर वाढण्याचें भय सर्वांना असतें. ती उतरण्याचें भय थोड्यांना ठाऊक असतें, आणि तें अधिक तातडीचें. आमच्या आळींतील एका घरीं सत्यनारायणाची पूजा होती. घरच्या आजींनीं नेहमींप्रमाणें सकाळीं आठला गोळी घेतली व इन्सुलिन टोंचून घेतलें. गुरुजी उशिरां आले, पाहुणे जमेनात, नैवेद्य दाखवीपर्यंत दोन वाजले. आजी कोपऱ्यांत बसून घामानें डबडबल्या, हात थरथरूं लागले, कोणी विचारलें तर भलतेंच उत्तर देऊं लागल्या. कोणी म्हणालें उकाडा, कोणी म्हणालें वय. नवव्या इयत्तेंतील नातीनें मात्र ग्लुकोमीटर आणून बोट टोंचलें : ५२! ती तडक स्वयंपाकघरांत गेली आणि तीन चमचे साखर पाण्यांत कालवून तिनें आजींना पाजली. ‘अग, नैवेद्य व्हायचा आहे,’ असें काकू म्हणाल्या. ‘काकू, नैवेद्याला आजी हवी ना?’ असें म्हणत तिनें पेला आजींच्या ओठांशीं धरला. पंधरा मिनिटांनीं आजी नीट बोलूं लागल्या आणि मग त्यांना वरणपोळी दिली.

साखर ७० च्या खालीं गेली कीं हेंच करावें : तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासणी, सुधारणा नसेल तर पुन्हां तेवढीच साखर, आणि मागून खाणें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये, श्वास अडकतो. तत्काळ दवाखाना गांठावा. साखर उतरविणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं जेवण पुढें ढकलूं नये, मग श्राद्ध असो कीं मुंज. ज्यांना शास्त्राधाराशिवाय पाऊल टाकवत नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों : सुवासिनी, मुली, गर्भवती व रोगी यांना अतिथींच्याहि आधीं जेवूं घालावें, यांत विचार करूं नये, असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. त्या ग्रंथांतील कितीतरी गोष्टी आपण टाकल्या आणि टाकाव्याच लागल्या. ही एक उचलून घेण्यासारखी आहे.

ग्लुकोमीटर घरीं असावा आणि त्याबरोबर एक वहीहि. आंकडा पाहून उसासा टाकणें व विसरून जाणें यानें कांहींच साधत नाहीं. उपाशीपोटीं किती, जेवणानंतर दोन तासांनीं किती, आणि त्या जेवणांत काय होतें, या तीन रकाने आंखलेल्या वहींतून महिन्याभरांत आपलेच दोष आपल्याला दिसूं लागतात. बोट टोंचण्यापूर्वीं हात साबणानें धुऊन पुसावे. आंबा चिरलेल्या बोटावरचा थेंब साखर खोटी वाढवून दाखवितो. बोटाच्या टोकाला न टोंचतां कडेला टोंचावें, दुखत कमी. एचबीएवनसी पुष्कळांच्या बाबतींत ७ च्या खालीं ठेवतात. वृद्धांना व ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांना डॉक्टर थोडी सैल मर्यादा घालून देतात, आणि ती योग्यच असते; ऐंशीव्या वर्षीं तरुणाचे आंकडे गांठण्याच्या नादांत चक्कर येऊन पडणें व खुब्याचें हाड मोडणें हें मधुमेहापेक्षां महाग पडतें.

आतां त्या अनवाणी चालण्याविषयीं. वर्षानुवर्षें साखर चढती राहिली कीं पायांतील मज्जातंतु बधिर होतात आणि रक्तपुरवठाहि उणावतो. कांटा रुततो तो कळत नाहीं. उन्हाळ्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या तळव्याला फोड येतात, आणि तें त्याला घरीं येऊन मोजा ओला दिसल्यावर समजतें. अशी जखम चिघळत जाऊन बोट, आणि पुढें पाय, कापण्याची पाळी येते. आपल्या घरांत चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत आहे. मधुमेह्यानें घरांत वापरण्यासाठीं मऊ तळाची, धुतलेली निराळी जोडी ठेवावी. देवदर्शनाला सकाळीं लवकर जावें व पायांत जाड मोजे असावेत. रोज रात्रीं तळवे, टांचा व बोटांच्या बेचक्या पाहाव्या. वांकवत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातवंडाला सांगावें. पाय कोमट पाण्यानें धुवावे, पाणी किती ऊन आहे तें पायानें न पाहतां कोंपरानें पाहावें, बेचक्या कोरड्या कराव्या, टांचांना तेल लावावें पण बेचक्यांत लावूं नये. नखें सरळ कापावीं. कुरूप घरीं पात्यानें तासूं नये. गरम पाण्याची पिशवी पायाशीं घेऊन झोंपूं नये. तंबाखू व विडी-सिगारेट यांनीं पायाच्या रक्तवाहिन्यांचें नुकसान दुप्पट होतें, तेव्हां तीं सोडावींच.

वर्षांतून एकदां डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा, चष्म्याचा नंबर पाहिला म्हणजे पडदा पाहिला असें होत नाहीं. लघवींतील अल्ब्युमिन व रक्तांतील क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडांची खबर घ्यावी. रक्तदाब प्रत्येक भेटींत मोजावा. दांतांच्या वैद्याकडेहि जावें, कारण हिरड्यांचा रोग व साखर एकमेकांना वाढवितात. आणि शाकाहारी घरांसाठीं एक गोष्ट मुद्दाम : मेटफॉर्मिन वर्षानुवर्षें घेतल्यानें शरीरांतील बी१२ जीवनसत्व कमी होतें, आणि तें वनस्पतिज अन्नांत मुळांतच नसल्यामुळें दूधदह्यावर विसंबणाऱ्या आपल्या घरांत आधींच उणें असतें. त्याच्या अभावीं हातापायांना मुंग्या येतात, व त्या मधुमेहाच्याच समजून दुर्लक्षिल्या जातात. बी१२ ची रक्ततपासणी वेगळी सांगून करवून घ्यावी लागते. नेहमींच्या यादींत ती बहुधा नसते.